शून्य कोणाचे? शून्यबहुल आकडे आणि सॉफ्टवेअरची निवड

तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात मी संख्याशास्त्र शिकवतो. पाहणी करून आलेले विद्यार्थी, कार्यकर्ते, कधी एखादे शाळामास्तर आपापल्या वह्या घेऊन माझ्याकडे येतात. त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो : ‘सर, कुठले सॉफ्टवेअर वापरू?’ प्रश्न साधा वाटतो. पण त्याचे उत्तर देता देता मला स्वतःला पुष्कळ शिकावे लागले. ते येथे मांडतो आहे, कारण आपल्या चळवळीतील पाहण्यांत जे आकडे येतात ते बहुतेक याच जातीचे असतात.

काही काळापूर्वी एक विद्यार्थिनी अशीच वही घेऊन आली. तिने काही गावांतल्या घरोघर जाऊन विचारले होते : गेल्या तीन महिन्यांत आशाताई किंवा आरोग्यसेविका तुमच्या घरी किती वेळा आली? उत्तरांचा रकाना मी वरून खाली वाचू लागलो. शून्य, शून्य, दोन, शून्य, एक, शून्य, शून्य, शून्य. पाने उलटली तरी तेच. मध्येच एखादे चार, एखादे सहा. तिने एका महागड्या पॅकेजवर सरासरी काढली होती, प्रतीपगमन केले होते, आणि निष्कर्ष लिहिला होता की वस्ती गावात आहे की गावकुसाबाहेर याचा भेटींवर ‘लक्षणीय परिणाम आढळत नाही’. लिहिताना तिचे स्वतःचेच समाधान झालेले नव्हते. ती त्याच वस्तीतली. तिने डोळ्यांनी पाहिलेले आणि संगणकाने सांगितलेले जुळत नव्हते. ‘सर, सॉफ्टवेअर चुकले की मी?’ असे तिने विचारले.

सॉफ्टवेअर चुकले नव्हते. त्याला जे विचारले त्याचे उत्तर त्याने दिले होते. प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता. म्हणून सॉफ्टवेअरकडे जाण्यापूर्वी शून्याकडे जावे लागते.

पुष्कळ शून्ये म्हणजे जादा शून्ये नव्हेत

पहिला गैरसमज असा की, रकान्यात शून्ये फार दिसली की काही खास प्रकारचे प्रतिमान लावलेच पाहिजे. तसे नाही. १८९८ साली बोर्टकीविच या संख्याशास्त्रज्ञाने प्रशियाच्या सैन्यातील एक नोंद छापली. १४ सैन्यदळे, २० वर्षे, म्हणजे २८० नोंदी. प्रत्येक नोंदीत त्या दळात त्या वर्षी घोड्याच्या लाथेने किती माणसे मेली याचा आकडा. २८० पैकी १४४ ठिकाणी शून्य, ९१ ठिकाणी एक, ३२ ठिकाणी दोन, ११ ठिकाणी तीन आणि २ ठिकाणी चार. एकूण मृत्यू १९६, म्हणजे सरासरी ०.७.

निम्म्याहून अधिक शून्ये. मग ही जादा आहेत काय? क्वचित आणि स्वतंत्रपणे घडणाऱ्या घटनांच्या मोजणीला पॉयसाँ वितरण लावतात. त्यात फक्त सरासरी माहीत असली की शून्ये किती येतील ते काढता येते. सरासरी ०.७ असता २८० पैकी सुमारे १३९ शून्ये, ९७ एक, ३४ दोन, ८ तीन अपेक्षित आहेत. प्रत्यक्षाशी ताडून पाहा. १४४ शून्यांत नवल काहीच नाही. घटना क्वचित घडते, म्हणून शून्ये पुष्कळ, एवढेच.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील आहे. जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या ९१५ विद्यार्थ्यांनी शेवटच्या तीन वर्षांत किती शोधनिबंध छापले याचे आकडे समाजशास्त्रज्ञ स्कॉट लाँग यांनी १९९० साली वापरले. २७५ जणांचा एकही निबंध नव्हता. सरासरी १.६९. पॉयसाँच्या हिशेबाने सुमारे १६८ शून्ये यावयास हवी होती. शंभरावर शून्ये जादा दिसतात. येथे घाईने ‘जादा शून्ये’ म्हणून शिक्का मारावासा वाटतो. पण प्रचरण पाहा. पॉयसाँमध्ये सरासरी आणि प्रचरण सारखे असतात. येथे प्रचरण ३.७१, म्हणजे सरासरीच्या दुपटीहून जास्त. कोणाला चांगला मार्गदर्शक लाभलेला, कोणाला नाही. माणसे सारखी नाहीत म्हणून आकडे पसरलेले. हा पसारा मान्य करणारे ऋण द्विपद वितरण घेतले तर त्याच सरासरी-प्रचरणावरून सुमारे ३०० शून्ये अपेक्षित येतात. म्हणजे शून्ये जादा नाहीतच. विषमता जादा आहे.

हा मुद्दा मी मुद्दाम ठासून सांगतो. पॉयसाँला जे शून्य ‘जादा’ वाटते ते पुष्कळदा विषमतेचे शून्य असते. म्हणून पहिली पायरी ही की, साधे पॉयसाँ, मग ऋण द्विपद, आणि त्यानंतरही प्रतिमानाने सांगितलेल्या शून्यांपेक्षा प्रत्यक्ष शून्ये जास्त उरली तरच पुढचा विचार करावा. परिस्थितिकीशास्त्रात डेव्हिड वॉर्टन यांनी २००५ साली हाच इशारा दिला होता : पुष्कळ शून्ये म्हणजे शून्यफुगवटा नव्हे.

आणखी एक तपासणी अगदी प्राथमिक, पण विसरली जाणारी. मोजणीला वरची मर्यादा आहे काय? नवजात बाळाच्या घरभेटींच्या २०११ सालच्या सरकारी कार्यक्रमात दवाखान्यात बाळंतपण झाले तर आशाने ४२ दिवसांत सहा भेटी द्याव्यात असे ठरलेले आहे. मग त्या भेटींचा आकडा शून्य ते सहा यांतच राहणार. ही ‘सहापैकी किती’ अशी मोजणी झाली; तिला द्विपद वितरण लागते, पॉयसाँ नव्हे. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न कोणत्याही कारणाने झालेल्या भेटींचा होता, त्याला अशी मर्यादा नव्हती. पण काही घरे तीन महिने गावात नव्हतीच, ऊसतोडीला गेली होती. जे घर एकच महिना गावात होते त्याचे शून्य आणि तीन महिने असलेल्याचे शून्य सारखे कसे धरणार? किती काळ मोजले हेही प्रतिमानाला सांगावे लागते, आणि तशी सोय असलेले सॉफ्टवेअर लागते.

दोन प्रकारची शून्ये

आता खरा पेच. १९९२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या डायान लॅम्बर्ट यांनी छापील विद्युत्पाट्यांवरील डाखकामातील दोष मोजले. त्यांची कल्पना अशी : यंत्र कधी निर्दोष अवस्थेत असते, तेव्हा दोष संभवतच नाही; कधी सदोष अवस्थेत असते, तेव्हा दोष होऊ शकतो, पण योगायोगाने होत नाही. दोन्हींचे टिपण ‘शून्य’ असेच होते. पाहणाऱ्याला भेद दिसत नाही, पण कारणे दोन. या दोहोंचे मिश्रण मांडणाऱ्या प्रतिमानाला मी वर्गात ‘शून्यफुगीर प्रतिमान’ म्हणतो.

त्यापूर्वी १९८६ साली जॉन मुलाही यांनी दुसरी मांडणी केली होती. तिला हर्डल म्हणतात, मी उंबरठा म्हणतो. येथे सगळी शून्ये एकाच प्रकारची. प्रथम प्रश्न : उंबरठा ओलांडला की नाही? ओलांडला असेल तर पुढचा प्रश्न : किती वेळा?

हे विद्यार्थिनीच्या वहीवर लावून पाहू. एका घराचे शून्य असे की, आरोग्यसेविका त्या वस्तीत येते, शेजारी आलीही होती, पण या घरी या तीन महिन्यांत आली नाही. दुसऱ्या घराचे शून्य असे की ती त्या वस्तीत पाऊलच टाकीत नाही. रस्त्यावरून हाक मारते, किंवा तेही नाही. पहिले शून्य योगायोगाचे, दुसरे व्यवस्थेचे. सरासरी काढणाऱ्या माणसाने दोन्ही शून्ये एका पोत्यात भरली की व्यवस्थेचे शून्य योगायोगाच्या शून्यांत विरघळून जाते. विद्यार्थिनीच्या पहिल्या हिशेबात हेच झाले होते.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. आशा ही स्वतः मानधनावर राबणारी बाई आहे, पुष्कळदा आपल्यातलीच. सगळा दोष तिच्या माथी मारण्यासाठी हा हिशेब नाही. तिच्याकडे किती घरे दिली, वस्ती किती दूर, वर देखरेख कोणाची, हे सगळे त्या शून्यात आहे. म्हणूनच पुढचा मुद्दा येतो, तो पातळ्यांचा.

घर, वस्ती, गाव, उपकेंद्र

घरे वस्तीत असतात, वस्त्या गावात, गावे उपकेंद्राखाली. एका वस्तीतील एकवीस घरांनी शून्य सांगितले तर ते एकवीस स्वतंत्र साक्षीदार झाले काय? नाही. कारण एकच आहे, ते एकवीस तोंडांनी सांगितले गेले. याचा हिशेब करण्याचा जुना नियम आहे. समजा वस्तीतील घरांच्या उत्तरांत परस्परसाम्य ०.१ आहे, तर एकवीस घरांची माहिती एक अधिक वीस गुणिले ०.१, म्हणजे तीनने भागली जाते. एकवीसची सातच घरे उरतात. साम्य ०.५ असेल तर अकराने भागावे लागते. दोनही पुरती उरत नाहीत. हे न पाहता काढलेली ‘लक्षणीयता’ फुकाची असते. कधी नसलेला परिणाम दाखवते, कधी असलेल्यावर नको तितका विश्वास ठेवायला लावते.

बहुस्तरीय प्रतिमान प्रत्येक वस्तीला, प्रत्येक गावाला स्वतःचा एक चढ-उतार देते. या चढ-उताराला संख्याशास्त्रात ‘यादृच्छिक परिणाम’ म्हणतात. शब्द लक्षात ठेवावा. विद्यार्थिनीने दुसऱ्या खेपेस बहुस्तरीय प्रतिमान लावले, वस्ती हा यादृच्छिक परिणाम ठेवला, आणि गावकुसाबाहेर असणे-नसणे हे चल काढूनच टाकले. तिचे म्हणणे असे की वस्तीचा परिणाम तर घेतलाच आहे, पुन्हा कशाला? मी तिला थांबवले. वस्त्यावस्त्यांत फरक आहे एवढेच ते प्रतिमान आता सांगणार; फरक कशाने पडला ते सांगणार नाही. महारवाडा, मांगवाडा कोठे वसवला गेला हे यादृच्छिक नव्हते. जे कारण आपल्याला ठाऊक आहे आणि मोजता येते ते उघड चल म्हणून मांडले पाहिजे. उरलेला, न कळलेला फरक तेवढा यादृच्छिक म्हणावा. नाही तर जात ‘यादृच्छिक’ या शब्दाखाली झाकली जाते, आणि झाकणारे आपणच असतो.

आणि शून्यबहुल आकड्यांत आणखी एक गाठ आहे. प्रतिमानाचे भाग दोन : एक शून्याचा, एक मोजणीचा. वस्तीचा परिणाम कोणत्या भागात? सेविका वस्तीत येते की नाही हे वस्तीच्या पातळीवर ठरते. तेव्हा तो शून्याच्या भागात हवाच. आल्यावर किती घरी किती वेळा जाते यातही वस्तीचा वाटा असतो. तेव्हा मोजणीच्या भागातही हवा. ही गरज एकदा स्पष्ट झाली की सॉफ्टवेअरची निवड निम्मी आपोआप होते, कारण पुष्कळ सॉफ्टवेअरे येथेच गळतात.

सॉफ्टवेअरची चाचपणी

मी पाच प्रश्न विचारतो. शून्याच्या आणि मोजणीच्या दोन्ही भागांत यादृच्छिक परिणाम घेता येतात काय? एकापेक्षा जास्त पातळ्या घेता येतात काय? आतले गणित कोणत्या रीतीने होते? निकाल तपासण्याची सोय आहे काय? आणि शेवटचा, पण आपल्यासाठी पहिला : ते विद्यार्थ्याच्या घरी, त्याच्या मालकीचे म्हणून राहू शकते काय?

एसपीएसएस आपल्याकडे पुष्कळांना परिचित आहे. मोजणीच्या आकड्यांसाठी पॉयसाँ आणि ऋण द्विपद, तसेच बहुस्तरीय मांडणी त्यात करता येते. जेथे शून्यफुगवटा नाही तेथे ते पुरेसे आहे. स्टॅटात बहुस्तरीय पॉयसाँ व ऋण द्विपद यांच्या स्वतंत्र आज्ञा आहेत, शून्यफुगीर प्रतिमानाच्याही आहेत. परंतु मी वापरलेल्या आवृत्त्यांत दोहोंचा संगम एका सरळ आज्ञेत मिळाला नाही. सासमध्ये एनएलमिक्स्ड या प्रक्रियेत संभाव्यतेचे सूत्र स्वतः लिहून हवे ते प्रतिमान बसवता येते; पण सूत्र लिहिता आले पाहिजे आणि सुरुवातीच्या किमती नीट द्याव्या लागतात. एमप्लसमध्ये दोन पातळ्यांची शून्यफुगीर प्रतिमाने होतात. ही सगळी विकत घ्यावयाची.

आर ही मुक्त भाषा आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ती रचली, १९९५ पासून ती मुक्त परवान्याखाली मिळते. तिच्यासाठी लिहिलेल्या पॅकेजांतून निवड करताना विद्यार्थी गोंधळतात, म्हणून चार-पाचांचे स्वभाव सांगतो.

पीएससीएल हे जुने आणि भरवशाचे. शून्यफुगीर आणि उंबरठा दोन्ही प्रतिमाने त्यात आहेत, पण यादृच्छिक परिणाम नाहीत. घरे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे ते धरून चालते. एलएमई-फोर याच्या उलट : पातळ्या हव्या तितक्या, पॉयसाँ आणि ऋण द्विपद आहे, पण शून्यफुगवट्याचा भाग नाही. एका जोड्याचा डावा पाय एका दुकानात, उजवा दुसऱ्या दुकानात, अशी गत पूर्वी होती.

२०१७ साली जीएलएमएम-टीएमबी या पॅकेजचा परिचय करून देणारा निबंध प्रसिद्ध झाला, आणि ही अडचण पुष्कळशी दूर झाली. दोन्ही भागांत चले आणि यादृच्छिक परिणाम, अनेक पातळ्या, ऋण द्विपदाचे दोन प्रकार, उंबरठ्यासाठी शून्य वगळलेली वितरणे, मोजणीचा काळ सांगण्याची सोय, आणि वेगही चांगला. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ते कुरकुर न करता चालते. सरावासाठी त्याच्यासोबत सॅलमँडर प्राण्यांचे आकडे मिळतात : २३ जागा, ६४४ नोंदी, काही ओढे कोळशाच्या खाणीने बिघडलेले, काही नाहीत. ‘खाण’ हे चल शून्याच्या भागात घातल्यावर आणि मोजणीच्या भागात घातल्यावर काय होते ते तेथे पाहावे, मग ‘खाण’च्या जागी ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द ठेवावा. पाठ लगेच कळतो.

त्याच्या मर्यादाही सांगतो. न दिसणाऱ्या वस्ती-परिणामांवर सरासरी काढण्यासाठी जे संकलन करावे लागते त्याला बंद सूत्र नाही. म्हणून हे पॅकेज लाप्लासच्या नावाची सन्निकट रीत वापरते. वस्त्यांत घरे थोडी आणि आकडे बहुतेक शून्य असले की ही रीत थोडी ढळू शकते. शिवाय जेथे सेविका येत नाही तेथे आल्यावरही कमी घरी जाते काय, असा दोन भागांतील वस्ती-परिणामांचा परस्परसंबंध ते घेत नाही. दोन्ही स्वतंत्र धरते. जीएलएमएम-अॅडॅप्टिव्ह हे पॅकेज अधिक काटेकोर संकलन करते, हा संबंधही घेते. पण एकच पातळी चालते, वस्ती घेतली तर गाव सोडावे लागते.

बीआरएमएस हे बेझच्या पद्धतीचे पॅकेज, स्टॅन या यंत्रणेवर चालते. त्यात पातळ्या, शून्यफुगवटा, उंबरठा, दोन भागांतील संबंध, सगळे येते. किंमत वेळेची : मिनिटांऐवजी कधी तास लागतात, आणि साखळ्या एकत्र आल्या की नाहीत हे पाहण्याची शिस्त लागते. परंतु एका ठिकाणी ते विशेष उपयोगी पडते. समजा, गावकुसाबाहेरच्या सर्वच वस्त्यांतील सर्वच घरांचे उत्तर शून्य आले. मग शून्याच्या भागातील गुणक अनंताकडे धावतो, प्रमाणदोष अवाढव्य होतो, आणि पडद्यावर ‘लक्षणीय नाही’ असे उमटते! अन्याय अर्धामुर्धा असेल तर गणित त्याला पकडते. पूर्ण असेल तर गणितच कोसळते. संशोधकाने हे ओळखले नाही तर तो सर्वांत भयंकर वस्तुस्थितीखाली ‘परिणाम नाही’ असे लिहून मोकळा होतो. बेझच्या पद्धतीत गुणकाला माफक पूर्वमर्यादा घालता येते, त्यामुळे तो आवाक्यात राहतो. आणि खरे म्हणजे अशा वेळी प्रतिमानाआधी साधे कोष्टक छापावे. ते कोणालाही वाचता येते.

तपासणीसाठी मी डार्मा हे पॅकेज वापरायला सांगतो. बसवलेल्या प्रतिमानातून ते खोटे आकडे पुन्हा पुन्हा तयार करते आणि त्यांतील शून्ये प्रत्यक्ष शून्यांशी ताडते. प्रतिमान किती शून्ये सांगते आणि वहीत किती आहेत, हे शेजारी शेजारी दिसले पाहिजे. ते न दाखवणाऱ्या प्रबंधावर मी सही करीत नाही.

किल्ली कोणाच्या हातात

पाचव्या प्रश्नाबद्दल स्वतःचा अनुभव सांगतो. माझ्या संशोधनाच्या काळात एका विभागात विकतचे एक पॅकेज होते. परवाना मर्यादित यंत्रांचा. खोलीची किल्ली एका माणसाकडे. मी दुपारभर दाराशी बसून राहत असे. पुढे परवान्याची मुदत संपली, नूतनीकरण झाले नाही, आणि माझ्याच आकड्यांची फाइल मला उघडता येईना; ती त्या पॅकेजच्या स्वतःच्या स्वरूपात साठवलेली होती. माझी वही माझ्याजवळ, आणि ती वाचण्याचा अधिकार दुसऱ्याजवळ. ज्यांच्या आजा-पणजांना अक्षराच्या जवळ जाऊ दिले नाही त्यांना हा अनुभव नवा वाटत नाही.

त्यानंतर चोरून केलेल्या प्रतींचा काळ आला. तो मार्ग मी कोणाला सुचवणार नाही. कायद्याची भीती हे एक कारण; दुसरे असे की, चोरीची प्रत वापरणारा आपला निकाल छातीठोकपणे दाखवू शकत नाही. आणि आपले निकाल दाखवण्यासाठीच असतात. आपण जेव्हा म्हणतो की या वस्त्यांत आरोग्यसेवा पोचत नाही, तेव्हा समोरचा विचारणारच : हे कशावरून? मुक्त सॉफ्टवेअर वापरले असेल तर आकड्यांची फाइल आणि लिहिलेल्या आज्ञा दोन्ही त्याच्यासमोर ठेवता येतात : घ्या, तुम्हीच चालवून पाहा. त्याला काही विकत घ्यावे लागत नाही, आपल्याला काही लपवावे लागत नाही. आकडे मात्र घरांची ओळख पुसून द्यावेत. ज्या बाईने सेविकेबद्दल तक्रार सांगितली तिला त्याच गावात राहावयाचे असते.

शिकण्याची अडचण खरी आहे. आर मध्ये बटणे कमी, आज्ञा जास्त. त्याही इंग्रजी अक्षरांत. पण मी पाहिले आहे की दोन आठवडे चिकाटी धरली तर समाजशास्त्राचा विद्यार्थीही दहा ओळींत प्रतिमान बसवतो. त्या दहा ओळी त्याच्याच राहतात, दुसऱ्याला देता येतात. बटणे दाबून केलेले काम मागे काहीच ठेवत नाही.

सॉफ्टवेअरच्या पलीकडचे शून्य

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड मुद्दा. कार्यकर्ते कधी कधी पोलीस ठाण्यांतील अत्याचाराच्या गुन्ह्यांचे आकडे घेऊन येतात. ठाणी जिल्ह्यांत, जिल्हे राज्यांत. पुष्कळ ठाण्यांपुढे शून्य. रचना तीच, म्हणून शून्यफुगीर बहुस्तरीय प्रतिमान लावावे असे त्यांना वाटते. लागते देखील. पण त्यातून निघालेल्या ‘जादा शून्यांचा’ अर्थ काय? येथे शून्य दोन नव्हे, तीन प्रकारचे. काही घडले नाही. घडू शकले असते पण घडले नाही. आणि घडले, पण लिहिले गेले नाही. तिसरे शून्य पहिल्या दोहोंपासून वेगळे काढणे एकट्या त्या रकान्यावरून कोणत्याही सॉफ्टवेअरला शक्य नाही, मग ते लाखाचे असो की फुकटचे. त्यासाठी बाहेरची माहिती लागते : दवाखान्याची नोंद, स्वतंत्र सत्यशोधन, वस्तीत जाऊन केलेली विचारपूस. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला कलम ४ खाली शिक्षा ठेवली, आणि २०१५ च्या दुरुस्तीने तक्रार नोंदवून घेण्याचे कर्तव्य तेथे स्पष्टपणे घातले. न लिहिलेले शून्य असते, हे कायद्यानेच मानले आहे. मग संख्याशास्त्रज्ञाने ते का मानू नये?

संख्या ही निरुपद्रवी वस्तू नाही, हे बाबासाहेबांनी फार पूर्वी दाखवून दिले. १९३२ साली लोथियन यांच्या मताधिकार समितीपुढे काही प्रांतांतील अस्पृश्यांची संख्या अगदी थोडी असल्याचे सांगितले गेले. मोजणीवर प्रतिनिधित्व ठरणार म्हटल्याबरोबर माणसे आकड्यांतून नाहीशी होऊ लागली. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते, आणि मोजणीचा हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. आपण आज प्रतिमाने बसवतो ती याच जाणिवेने बसवली पाहिजेत.

विद्यार्थिनीचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. मी तिला लगेच सॉफ्टवेअर दिले नाही. पुन्हा वस्त्यांत पाठवले, दोन प्रश्न वाढवून : ती या वस्तीत येते काय? शेवटची कधी आली होती? ती नाराज झाली, पण गेली. या दोन प्रश्नांनी जी शून्ये वेगळी झाली ती कोणत्याही प्रतिमानाने इतकी स्वच्छ वेगळी केली नसती. मग आम्ही क्रमाने गेलो : कोष्टक, पॉयसाँ, ऋण द्विपद, दोहोंत पातळ्या, त्यानंतर जीएलएमएम-टीएमबीत दोन्ही भागांत वस्ती आणि गाव, दोन्ही भागांत गावकुसाबाहेर असणे हे उघड चल, शेवटी बीआरएमएसमध्ये तेच पडताळून. मोजणीच्या भागात गावकुसाचा परिणाम किरकोळ निघाला. शून्याच्या भागात तो ठळक होता. म्हणजे सेविका वस्तीत आली तर इतर ठिकाणी करते तितकेच काम तेथे करीत होती. प्रश्न येण्याचा होता. पहिल्या हिशेबात हे दोन्ही एकात मिसळून ‘परिणाम नाही’ असे झाले होते.

हा फरक केवळ प्रबंधापुरता नाही. ‘सेविका काम करीत नाहीत’ अशी मागणी घेऊन गेलो असतो तर एका गरीब बाईवर कारवाई झाली असती. ‘अमुक वस्त्या तिच्या फेरीतच नाहीत’ हे घेऊन गेलो तेव्हा फेरीचा कागद मागता आला, आणि कागदावर त्या वस्त्यांची नावे नव्हती.

तेव्हा ‘कुठले सॉफ्टवेअर वापरू?’ या प्रश्नाला माझे उत्तर असे : आर घ्या, त्यात जीएलएमएम-टीएमबीने आरंभ करा, अडेल तेथे बीआरएमएस घ्या. पण त्याआधी वही उघडा, पहिल्या शून्यावर बोट ठेवा, आणि ते कोणाच्या घरातले आहे आणि कशामुळे आले ते जाऊन विचारा.